अपडेटनंतर व्हिडिओ एडिटचा प्रोजेक्ट तुटला? आधी हात थांबवा, मग या क्रमाने जा

रात्री साडेदहाला फोन येतो. "दादा, अपडेट मारला आणि सगळी टाइमलाइन लाल झाली." मी पहिलं विचारतो, "सेव्ह केलंस का?" पलीकडे शांतता. मग हळूच, "हो. दोनदा."

नुसत्या अपडेटने प्रोजेक्ट कायमचा गेला, असं मी क्वचितच पाहिलंय. नंतरच्या अर्ध्या तासात घाबरून जे केलं जातं त्याने मात्र पुष्कळ गेलेत. सेव्ह, कॅशे डिलीट, अनइन्स्टॉल, नवा ड्रायव्हर, पुन्हा सेव्ह. सगळं एकदम केलं की बिघडलं कशाने आणि सुधारलं कशाने, दोन्ही कळत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात क्रम महत्त्वाचा. उदाहरणं मुख्यतः प्रीमिअर आणि दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची आहेत. फायनल कटमध्ये जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलंय.

ज्यांचा प्रोजेक्ट आत्ता, या क्षणी तुटलेला आहे त्यांनी थेट टप्पा ६ वर जावं. बाकीच्यांनी पहिल्यापासून वाचावं.

## अपडेटच्या आधी

### टप्पा १: तारीख ठरवा

अपडेट दोन कामांच्या मधे करायचा, कामाच्या मधे नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि लग्नसराईतले डिलिव्हरीचे आठवडे सरळ वगळा. आणखी एक पुणेरी सूचना: गुरुवार टाळा. देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा त्याच दिवशी, आणि अर्धवट झालेलं इन्स्टॉलेशन हा वेगळाच ताप आहे.

आपोआप होणारे अपडेट आजच बंद करा. प्रीमिअर ज्यातून इन्स्टॉल होतं त्या अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटो-अपडेटचं बटण आहे, मॅकच्या ॲप स्टोअरलाही आहे. विंडोज अपडेट पूर्ण बंद होत नाही, पण काही आठवडे पॉज करता येतो. डिलिव्हरीच्या आठवड्यात तेवढं पुरतं.

### टप्पा २: मशीनची नोंद करा

मोबाइलने चार फोटो काढा: सॉफ्टवेअरचा अबाउट स्क्रीन (व्हर्जनचा पूर्ण आकडा दिसला पाहिजे, नुसतं "२०२५" नको), ओएसचं व्हर्जन, ग्राफिक्स ड्रायव्हरचं व्हर्जन आणि प्लगइन्सची यादी. दोन मिनिटांचं काम. मागे कुठवर जायचंय हे नंतर याच फोटोंवरून कळतं.

### टप्पा ३: योग्य गोष्टीचा बॅकअप घ्या

फुटेजचा बॅकअप असतो, प्रोजेक्टचा नसतो. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो.

प्रीमिअरमध्ये प्रोजेक्टची स्वतंत्र फाइल असते. ती, तिच्याशेजारचं ऑटो-सेव्हचं फोल्डर, वापरलेले लट (रंग बदलणाऱ्या तयार फाइल), मोशन ग्राफिक्सचे टेम्प्लेट, कीबोर्ड शॉर्टकट आणि फॉन्ट असं सगळं एका फोल्डरमध्ये घालून दुसऱ्या डिस्कवर टाका. आफ्टर इफेक्ट्सच्या, म्हणजे अडोबीच्या ॲनिमेशनच्या ॲपमधल्या, कॉम्प डायनॅमिक लिंकने थेट जोडल्या असतील तर त्यांच्याही फाइल हव्यात. फुटेज वगळलं तर हे सगळं बहुधा पेनड्राइव्हवर मावतं.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट तुमच्या फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतोच. तो प्रोजेक्ट लायब्ररीत असतो. फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करून निश्चिंत झोपणाऱ्यांचे इथे हाल होतात. प्रोजेक्ट मॅनेजरमधून दोन गोष्टी करा: अख्ख्या लायब्ररीचा बॅकअप, आणि चालू प्रोजेक्ट वेगळा एक्सपोर्ट करून डीआरपी फाइल. मोठं व्हर्जन बदललं की रिझॉल्व्ह लायब्ररी अपग्रेड करू का विचारतं. हो म्हणालात की जुन्या व्हर्जनला ती लायब्ररी उघडत नाही. म्हणजे हा बॅकअप हीच परतीची वाट.

फायनल कटमध्ये ॲप बंद करून लायब्ररीची कॉपी घ्या. तिथेही एकदा अपडेट झालेली लायब्ररी जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही.

तपासा: बॅकअपची फाइल नुसती दिसते म्हणून थांबू नका. दुसऱ्या मशीनवर, नाहीतर याच मशीनवर दुसऱ्या जागेवरून, ती एकदा उघडून बघा.

### टप्पा ४: जुन्या व्हर्जनमधून एक संदर्भ प्रत काढा

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. चालू टाइमलाइनची हलकी एच.२६४ फाइल एक्सपोर्ट करा, वर टाइमकोड छापून. अपडेटनंतर काही बदललंय का, याचं उत्तर आठवणीतून देता येत नाही. "हा रंग असाच होता ना?" यावर एडिट रूममध्ये तासभर वाद झालेला मी ऐकलाय, आणि दोघंही तितक्याच खात्रीने बोलत होते.

त्याच वेळी टाइमलाइनची एक्सएमएल फाइलही (कट आणि क्लिपच्या जागांची, दुसऱ्या व्हर्जनमध्ये नेता येणारी यादी) काढून ठेवा. ती टप्पा १४ मध्ये लागू शकते.

### टप्पा ५: जुनं व्हर्जन जिवंत ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला

क्रिएटिव्ह क्लाउडमधून मोठा अपडेट घेताना पुढच्या पर्यायांमध्ये "जुनी व्हर्जन काढून टाका" अशा अर्थाची खूण असते. ती खूण काढून टाका. जुनं आणि नवं प्रीमिअर एकाच मशीनवर सुखाने नांदतात. रिझॉल्व्हचं तसं नाही. नवं इन्स्टॉल झालं की जुनं जातं, म्हणून जुन्याचा इन्स्टॉलर आधी उतरवून ठेवा. फायनल कट असेल तर ॲप्लिकेशन्समधल्या जुन्या ॲपची झिप करून ठेवा.

मग क्रम असा: आधी एडिटिंग ॲप, त्यानंतर प्लगइन, मग ग्राफिक्स ड्रायव्हर, ओएस सगळ्यात शेवटी. नव्या ॲपलाच नवा ड्रायव्हर लागत असेल तर तेवढा अपवाद. त्यासाठी सिस्टिम रिक्वायरमेंट आधी वाचा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेम रेडी ड्रायव्हरऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. प्रत्येक पायरीनंतर तीच टाइमलाइन दोन मिनिटं चालवा आणि तोच तुकडा एक्सपोर्ट करून बघा.

इशारा: चालू प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये थेट उघडू नका. त्याची कॉपी उघडा आणि नावात व्हर्जन लिहा. प्रीमिअर रूपांतर करताना वेगळं नाव सुचवतं. नाव जुनंच राहावं म्हणून मूळ फाइलवरच सेव्ह करणारे महाभाग असतात, आणि नीटनेटकेपणाची इतकी महाग हौस दुसरी नाही.

## तुटल्यानंतर

### टप्पा ६: सेव्ह न करता बाहेर पडा

काहीही दुरुस्त करू नका. सेव्ह विचारलं तर नाही म्हणा. ॲप बंद करा आणि प्रोजेक्ट फाइल व ऑटो-सेव्हचं फोल्डर लगेच दुसऱ्या जागी कॉपी करा.

घाई कशासाठी? ऑटो-सेव्ह ठरावीक संख्येइतक्याच प्रती ठेवतं, त्यानंतर नवी आली की सगळ्यात जुनी जाते. तुटलेल्या प्रोजेक्टमध्ये रात्रभर खटपट करत राहिलात, तर पहाटेपर्यंत चांगल्या प्रती एकेक करून ढकलल्या जातात आणि फोल्डरमध्ये उरतात त्या तुटलेल्याच.

### टप्पा ७: बिघाड प्रोजेक्टमध्ये आहे की मशीनमध्ये?

नवा, कोरा प्रोजेक्ट उघडा. एकच क्लिप टाका, चालवा, दहा सेकंद एक्सपोर्ट करा.

इथेही अडकलं तर दोष मशीनकडे आहे, टप्पा ८ बघा. इथे सगळं सुरळीत चाललं तर दोष प्रोजेक्टमध्ये, टप्पा ९ वर जा. ही पाच मिनिटांची चाचणी गाळून लोक थेट विंडोज फॉरमॅट करतात.

### टप्पा ८: मशीनची बाजू

याच क्रमाने करा आणि प्रत्येक पायरीनंतर टप्पा ७ ची चाचणी पुन्हा घ्या.

पहिल्यांदा मीडिया कॅशे, म्हणजे वेगासाठी सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइल, साफ करा. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेसच्या मीडिया कॅशे पानावर बटण आहे, रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूतून रेंडर कॅशे काढता येते. त्यानंतर ऑडिओच्या लाटा गायब झालेल्या दिसतील. घाबरू नका, त्या पुन्हा बनतात. पण कॅशे म्हणजे प्रॉक्सी (एडिटसाठी बनवलेल्या फुटेजच्या हलक्या प्रती) नव्हे. जागा मोकळी करायच्या उत्साहात प्रॉक्सीचं फोल्डर उडवलंत तर फोर-केचं लग्न पुन्हा प्रॉक्सी करत बसावं लागेल.

मग प्रेफरन्सेस रिसेट. प्रीमिअर सुरू करताना विंडोजवर ऑल्ट, मॅकवर ऑप्शन दाबून धरा. शॉर्टकट आणि वर्कस्पेस आधी कॉपी करून ठेवलेले बरे. या रिसेटचा मराठी कामावर एक खास परिणाम होऊ शकतो, तो टप्पा १२ मध्ये आहे.

त्यानंतर प्रोजेक्ट सेटिंग्जमधला रेंडरर "सॉफ्टवेअर ओन्ली"वर टाकून बघा. हळू चालेल, पण कचरा दिसणं किंवा एक्सपोर्ट मधेच पडणं थांबलं तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. टप्पा २ च्या फोटोतलं जुनं व्हर्जन परत टाका.

### टप्पा ९: प्रोजेक्टची बाजू

उघडतच नसेल, किंवा उघडून गोठत असेल, तर त्याला थेट उघडायचा हट्ट सोडा. नवा कोरा प्रोजेक्ट करा आणि मीडिया ब्राउझरमधून जुन्यातल्या सीक्वेन्स, म्हणजे टाइमलाइन, एकेक करून आयात करा. निम्म्या वेळा काम इथेच संपतं.

एखादी सीक्वेन्स आली पण ठरावीक जागी ॲप कोसळतं, तर अर्धी-अर्धी करून शोधा. सीक्वेन्सची डुप्लिकेट करा, दुसरा अर्धा भाग डिलीट करा, चालवा. कोसळलं तर दोष उरलेल्यात, नाहीतर डिलीट केलेल्यात. दोषी अर्ध्याचा पुन्हा अर्धा करा. शंभर क्लिप असल्या तरी सातव्या फेरीपर्यंत एकट्या क्लिपवर पोचता. बहुधा सापडतं ते असं काहीतरी: व्हॉट्सॲपवरून आलेली, मधेच फ्रेम रेट बदलणारी क्लिप, किंवा फारच मोठा जेपीजी. ती वेगळ्या सॉफ्टवेअरने प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदला आणि परत लावा.

### टप्पा १०: लाल पडदा, म्हणजे मीडिया ऑफलाइन

लाल म्हणजे सॉफ्टवेअरला फुटेजची फाइल सापडत नाही. रिलिंक (फाइल पुन्हा जोडणं) दाबायच्या आधी बघा की फाइल खरंच हलल्यात का. विंडोजवर डिस्कचं अक्षर बदललेलं असू शकतं, ई ची एफ झालेली. डिस्क मॅनेजमेंटमधून जुनं अक्षर परत दिलं की सगळं एका झटक्यात जागेवर येतं. मॅकवर ओएस अपडेटनंतर बाहेरच्या डिस्कची परवानगी गेलेली असू शकते. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये फाइल्स अँड फोल्डर्स उघडा आणि तुमच्या ॲपसमोरची खूण तपासा.

इतकं करूनही लालच असेल तर रिलिंक करा, पण डोळे उघडे ठेवून. सोनीचे कॅमेरे फाइलला सी०००१, सी०००२ अशी नावं देतात आणि फॉरमॅट केलेल्या कार्डावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. दोन कॅमेरे, चार कार्डं म्हणजे सी००१२ नावाच्या चार वेगवेगळ्या क्लिप. नुसत्या नावावर रिलिंक केलंत की सॉफ्टवेअरला जी आधी सापडेल ती जोडली जाते. लाल रंग जातो, तुम्ही सुटकेचा श्वास सोडता, आणि अंतरपाट दूर होतो त्या क्षणी पडद्यावर हळदीतल्या मावशी येतात.

म्हणून रिलिंकच्या खिडकीत नावाबरोबर मीडिया स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा टाइमकोड, यावरही खूण करा. एकेका कार्डाचं फोल्डर वेगळं जोडा. पुढच्या कामात तर कार्ड उतरवतानाच फोल्डरला दिवस, कॅमेरा आणि कार्डाचा क्रमांक द्या.

तपासा: रिलिंकनंतर टप्पा ४ ची संदर्भ प्रत वरच्या ट्रॅकवर ठेवा, ओपॅसिटी निम्मी करा आणि वेगाने सरकवत जा. चुकीची क्लिप भुतासारखी दोन चेहऱ्यांनी दिसते.

### टप्पा ११: इफेक्ट गायब

ऑफलाइन दिसणारा इफेक्ट क्लिपवरून काढू नका. प्लगइन सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ. नव्या व्हर्जनला चालणारं प्लगइन टाकलं की आतल्या सेटिंगसकट परत येण्याची शक्यता असते. डिलीट केलात तर तीही गेली. प्लगइनचं नवं व्हर्जन आलेलंच नसेल तर ते काम जुन्या व्हर्जनमध्येच संपवा.

### टप्पा १२: देवनागरी टायटल

यावर बाहेरच्या भाषांतल्या मार्गदर्शकांत फारसं मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

वेलांटी आणि जोडाक्षरं फुटली. एका मंडळाची फिल्म मी रात्री दोनला अपडेट आणि रिसेटनंतर एक्सपोर्ट केली. चूक सर्वस्वी माझी. "मिरवणूक"मधली पहिली वेलांटी म च्या डावीकडून उजवीकडे गेली होती, आणि "कार्याध्यक्ष"मधला रफार उतरून मधोमध पाय मोडलेला र उभा होता. फोनवर ते पहिल्यांदा वाचलं खुद्द कार्याध्यक्षांनी. कारण साधं होतं: ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिनचा पर्याय असतो आणि रिसेटनंतर तो "युरोपियन अँड ईस्ट एशियन"वर गेला होता. मराठीसाठी "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" लागतो. तुमच्या व्हर्जनमध्ये हा पर्याय असेल तर आधी तोच बघा. बदलूनही जुना लेयर फुटकाच राहिला तर नवा टेक्स्ट लेयर घेऊन मजकूर त्यात पेस्ट करा.

ल आणि श हिंदी वळणाचे झाले. जोडाक्षरं शाबूत, पण अक्षर ओळखीचं वाटत नाही. म्हणजे मूळ फॉन्ट सापडला नाही आणि सिस्टिमने स्वतःचा लावला. नाव बघून मूळ फॉन्ट टाका.

रोमन अक्षरांची खिचडी दिसते. हा युनिकोडच्या आधीचा फॉन्ट आहे. श्रीलिपी काय किंवा सीडॅकचे डीव्ही-टीटी फॉन्ट काय, दोन्हींचं मूळ पुण्यातच, आणि जुन्या स्टुडिओंच्या टेम्प्लेटमध्ये ते अजून सापडतात. इथे दुसरा मराठी फॉन्ट निवडून काही होत नाही, कारण आत साठवलेली अक्षरंच रोमन आहेत. तोच फॉन्ट परत टाका, नाहीतर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि नावं हाताने तपासा. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप १ प्रकारचे फॉन्ट जानेवारी २०२३ पासून चालत नाहीत. ते कितीही वेळा इन्स्टॉल केले तरी यादीत येणार नाहीत.

प्रीमिअरची जुनी लेगसी टायटल असतील तर ती ग्राफिक्समध्ये बदलून घ्या आणि ओळींमधलं अंतर व अक्षरांची कड हलली का ते संदर्भ प्रतीशी ताडा.

तपासा: प्रत्येक अपडेटनंतर मी एकच ओळ टाइप करतो: "श्री ज्ञानेश्वर विठ्ठल लक्ष्मी कार्याध्यक्ष मिरवणूक दऱ्या शुक्ल". रफार, पहिली वेलांटी, ऱ्य, ठ्ठ, ज्ञ, क्ष्म, ल, श सगळे एकाच ओळीत. ही बरोबर दिसली तर बाकीचं बहुधा बरोबर असतं.

### टप्पा १३: रंग बदलला

लॉगमध्ये (कॅमेऱ्याच्या मुद्दाम फिक्या रंगांच्या पद्धतीत) शूट केलेलं फुटेज अपडेटनंतर एकदम गडद, करपल्यासारखं दिसलं तर बहुधा त्याच्यावर दोनदा प्रक्रिया होतेय: एकदा सॉफ्टवेअरचं कलर मॅनेजमेंट, वर तुमचा लट. प्रीमिअरचं कलर मॅनेजमेंट २०२५ मध्ये बरंच बदललंय. दोघांपैकी एक ठेवा. ग्रेड, म्हणजे रंगांचं काम, पुन्हा करायला बसू नका.

### टप्पा १४: मागे फिरायचं ठरलं तर

डिलिव्हरी दोन दिवसांवर असेल आणि वरचं काही लागू पडलं नसेल, तर मागे फिरा. जुनं व्हर्जन, आणि रूपांतरापूर्वीची प्रत. रिझॉल्व्ह असेल तर जुना इन्स्टॉलर टाकून लायब्ररीचा बॅकअप रिस्टोअर करा.

नव्या व्हर्जनमध्ये बरंच काम होऊन गेलं असेल तर ते एक्सएमएलने जुन्यात न्यावं लागतं. कट, क्लिपची जागा, साधे डिझॉल्व्ह, स्केल-पोझिशन आणि ऑडिओच्या पातळ्या बऱ्यापैकी येतात. टायटल, बाहेरचे प्लगइन आणि ग्रेड येतील असं धरू नका. ते आधीच्या प्रतीतून कॉपी करून लावा. आफ्टर इफेक्ट्सला आधीच्या व्हर्जनसाठी प्रत सेव्ह करण्याची सोय आहे, ती वापरा.

प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून भरलेला एक्सएमएल मजकूर असतो. तो उलगडून व्हर्जनचा आकडा कमी करायचा आणि जुन्यात उघडायची, अशी एक युक्ती फिरते. कधी चालते, कधी अर्धंमुर्धं उघडून दगा देते. करायचीच तर कॉपीवर करा, आणि उघडल्यावर टाइमलाइन पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत बघा.

### टप्पा १५: पाठवण्याआधी

एक्सपोर्ट केलेली फाइल एडिटच्या मशीनवर नाही, फोनवर आणि टीव्हीवर पूर्ण बघा. सरकवत नाही, पूर्ण. देणगीदारांची आणि वधूवरांची नावं मोठ्याने वाचा, शक्यतो एडिट न केलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

जुनं व्हर्जन आणि रूपांतरापूर्वीची प्रत त्यानंतरही काढू नका. "फक्त एक छोटासा चेंज आहे" हा फोन हमखास येतो, आणि तो आला की काम जिथे संपवलं त्याच व्हर्जनमध्ये उघडायचं. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाला की मग डिस्कवरची जागा मोकळी करा.